एक जानेवारी सत्तर, पहाटे साडेपाच

रघुच्या घरातला वायफायचा डबा बंद करून पुन्हा चालू केला की त्याला दर वेळी वाटायचं, आज एक जानेवारी एकोणीसशे सत्तर आहे आणि पहाटेचे साडेपाच वाजलेत. भर दुपारी चालू करा, दिवाळीत चालू करा, त्याचं आपलं तेच. यात त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. कॉम्प्युटरच्या पोटात बटणाएवढा सेल असतो, वीज गेली तरी त्यावर घड्याळ चालू राहतं. या डब्याच्या पोटात सेलही नव्हता आणि घड्याळही. जाग आली की तो शून्यापासून सेकंद मोजायला लागायचा. दोन-तीन मिनिटांनी लाइन जुळली की बाहेर कुणाला तरी खरी वेळ विचारायचा, आणि मग एका उडीत एकोणपन्नास वर्षं ओलांडून आजच्या दिवसात यायचा.

रघु परळच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरची देखभाल करायचा, त्यामुळे त्याला याचं कौतुक नव्हतं. कौतुक होतं त्याच्या बापाला, कुशाबाला. रघुने एकदा सहज ही गंमत सांगितली तेव्हा म्हातारा गंभीर झाला.

"सत्तर साल? पहाटेचे साडेपाच?" तो म्हणाला. "मगे बरोबर हा. पयलो भोंगो साडेपाचाकच व्हायचो. ह्यो डबो पयल्या पाळीचो दिसता."

कुशाबा लालबागच्या गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर म्हणजे मुकादम होता. संप झाला, गिरणी गेली, ती गेली त्यालाही आता जमाना झाला. पण माणसाच्या अंगातून खातं गेलं नव्हतं. साचा बंद पडला की कधी बंद पडला, का बंद पडला आणि कधी चालू झाला हे पाटीवर लिहायचं, हा त्याच्या खात्याचा शिरस्ता. चिंचपोकळीच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीतही त्याने डब्याशेजारी खिळ्याला एक पाटी टांगून ठेवली होती. रघुच्या मुलाची बालवाडीतली. लाइट गेली, डबा बंद पडला की म्हातारा चष्मा लावून पाटीवर लिहायचा. रघु ती पाटी वर्षानुवर्षं बघत आला होता, आणि म्हणूनच तिच्याकडे त्याचं कधी लक्ष नव्हतं. म्हाताऱ्याचा चाळा, दुसरं काय.

चाळीच्या तळमजल्यावर गिरणी कामगारांच्या वारसांच्या समितीची खोली होती. तिथे एक कॉम्प्युटर होता, आणि त्याला कुशाबाच्या खोलीतल्या डब्यातून गॅलरीवरून खाली सोडलेली वायर जोडलेली होती. सरकार गिरणी कामगारांच्या वारसांना देणार होतं त्या घरांच्या यादीचे अर्ज, हरकती, कागद चढवणं हे सगळं रघु सुट्टीच्या दिवशी फुकट करायचा. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची त्याला हौस नव्हती. पण खालच्या खोलीत बसलेल्या बायांचे चेहरे बघितले की त्याच्याने उठवत नसे.

त्यातला एक चेहरा जाईबाईचा. तिचा नवरा धोंडू हा कुशाबाच्याच खात्यातला, जीवाभावाचा. संपानंतर बारा वर्षं मिळेल ते काम करत धोंडू झिजला आणि गेला. खोली आधीच गेली होती. जाईबाई गेली कित्येक वर्षं लालबागला पुतण्याच्या घरी गॅलरीत पडदा लावून झोपायची. आता पुतण्या दिवाळीनंतर बदलापूरला बिऱ्हाड हलवणार होता, आणि तिथल्या घराला गॅलरी नाही, हे त्याने दोनदा चारचौघांत बोलून दाखवलं होतं. जाईबाई कुणाला बोल लावायची नाही. फक्त एकदा रघुला म्हणाली होती, "एकच वाटतं रे बाबा. स्वतःच्या दाराला आतून स्वतः कडी लावावी आणि झोपावं. मग सकाळी उठले नाही तरी चालंल."

धोंडूचं नाव घरांच्या यादीतून गळलं होतं, कारण गिरणीच्या कागदांत त्याचे हजेरीचे दोन तिकीट नंबर होते, एक बदली कामगार असतानाचा आणि एक कायम झाल्यानंतरचा. ते दोन्ही नंबर एकाच माणसाचे हे दाखवणारे अठ्ठावीस कागद कॉम्प्युटरवरून चढवायचे होते. हजेरीचं कार्ड, फंडाची चिठ्ठी, मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र. शेवटची तारीख नेमकी खंडेनवमीची, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत.

रघुने त्या सोमवारी रजा काढली. प्रतिज्ञापत्र चारला हातात आलं. ते देऊन जाईबाई पिशवी सावरत वर कुशाबाकडे गेली. रघुने कागद स्कॅन केले, एकेक करून चढवले. शेवटची मोठी फाइल चार पस्तीसच्या सुमारास चढायला लागली आणि मध्येच लाइन गेली. घोडं नेहमी अशा वेळीच पेंड खातं. त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मोबाइल जोडून पाहिला, तर फाइल अर्ध्यावर जाऊन मेल्यासारखी पडली. मग तो चाळीच्या चौकात आला आणि वर बघून ओरडला, "बाबा, वर लाइट आहे का?"

"हा रे, हा!" वरून उत्तर आलं.

लाइट आहे म्हणजे डबा चालू आहे, म्हणजे घोळ केबलवाल्याचा. त्या आठवड्यात रस्ता खणून त्याची वायर दोनदा तुटली होती. रघु लालबागच्या बाजूला केबलवाल्याच्या दुकानात धावत गेला, तिथे आवाज चढवला. दुकानातला पोरगेला माणूस स्क्रीन दाखवून सांगत राहिला की आमच्याकडून सगळं चालू आहे. रघु धापा टाकत परत आला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. लाइन आली होती. पडद्यावर एकच ओळ होती: मुदत संपली आहे.

त्या रात्री रघु जेवला नाही. घरात सगळ्या वस्तूंना कुंकवाची बोटं लागलेली होती, विळीला, पकडीला, मिक्सरला, इस्त्रीला, डब्यालाही. खंडेनवमीला दर वर्षी लागायची. त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

पंधरा दिवसांनी घरांच्या कचेरीत सुनावणी लागली. साहेब चांगला माणूस होता, हे मुद्दाम सांगायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल सगळा दोष साहेबाचा. त्याने जाईबाईला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नियम मोकळेपणाने सांगितला.

"तांत्रिक बिघाडामुळे उशीर झाला असेल तर मला उशीर माफ करता येतो. स्वतःच्या कारणाने झाला असेल तर नाही. लाइन कधी गेली, कधी आली आणि का गेली, एवढं मला कागदावर द्या. उरलेली फाइल मी स्वतः चढवून घेतो."

रघुने केबलवाल्याकडे दाखला मागितला. केबलवाला म्हणाला, आमची लाइन चालू होती, तुमचा डबाच बंद होऊन चालू झालाय, त्याच्या नोंदी त्याच्याच पोटात असतील, बघा. रघुने नोंदी उघडल्या आणि कपाळाला हात लावला. पहिल्याच ओळीत एक जानेवारी एकोणीसशे सत्तर, पहाटेचे साडेपाच. हा कागद साहेबापुढे ठेवला असता तर त्याने दुसरा ग्लास पाणी रघुला दिलं असतं.

पण रघु त्या ओळींकडे बघत बसला आणि हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. डब्याला वाजले किती हे ठाऊक नसतं, पण जाग आल्यापासून किती सेकंद झाले हे तो अचूक मोजतो. सत्तर सालातली शेवटची ओळ होती पाच बत्तीस एक्केचाळीसची. म्हणजे जागं होऊन दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद झाले होते. त्याच क्षणी त्याला बाहेरून खरी वेळ मिळाली होती, आणि लगेच पुढची ओळ होती खंडेनवमीच्या तारखेची, संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटं बावन्न सेकंद. यातून ते वजा करा. डबा जागा झाला पाच वाजून तीन मिनिटं अकरा सेकंदांनी. पाचनंतर! मुदत संपली तेव्हा लाइन खरोखर बंद होती, आणि हे डबा स्वतःच्या तोंडाने सांगत होता.

रघुने मूळ डब्याला हात लावला नाही. तो एकदा बंद पडला असता तर आतल्या नोंदी पुसल्या गेल्या असत्या. त्याने मोबाइलवर त्या ओळींचे फोटो काढले, ऑफिसातून तसलाच एक जुना डबा आणला आणि त्याच्यावर हिशेब ताडून पाहिला. मनगटावरचं घड्याळ बघून चालू करायचा, वेळ मिळू द्यायची, मग वजाबाकी. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा उत्तर सेकंदाला जुळलं. मग त्याने त्या डब्यात अशी सोयच करून टाकली की खरी वेळ हाती आल्याशिवाय नोंद करायचीच नाही, आणि वेळ मिळाली की जागं होऊन झालेले सेकंद त्यातून वजा करून मगच लिहायचं. ऑफिसात त्याचं काम बघून साहेब लोक कधी मान हलवायचे नाहीत, पण त्या दिवशी रघुने स्वतःच मान हलवली. बऱ्याच दिवसांनी त्याला शीळ घालावीशी वाटली.

उरला होता एकच प्रश्न. डबा जागा कधी झाला ते डबा सांगतो, पण झोपला कधी? ते त्याला कसं ठाऊक असणार? झोपताना त्याने काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलेलं असतं तरी झोपेत पुसलं गेलं असतं. एक मिनिट बंद होता की तास, दोन्ही त्याला सारखंच. रघुला वाटलं, घरातल्या कुणाला तरी आठवत असेल. त्या दिवशी घरी बाबाच होते.

कुशाबा खाटेवर बसून पाय चोळत होता. रघुने विचारलं, "बाबा, खंडेनवमीला दुपारी आपला डबा मध्येच बंद पडला होता. लाइट गेल्यासारखी झाली होती का?"

"लाइट खंय गेली?" कुशाबा म्हणाला. "बंद मिया केलंय. पूजेक."

रघुला आधी कळलंच नाही. "चालू असताना कुंकू लावलं असतं तरी चाललं असतं ना?"

"चलत्या साच्याक कोन कुंकू लावता रे?" म्हातारा खरोखरच रागावला. "मी इसरलंय होतंय. जाईबायो म्हणाली, भावजी, साचो थांबवा, मगे लावा. बराबर बोलली ती. एवढो नारळ घेवन इली होती, फुला घेवन इली होती. म्हणाली, माझा घर ह्याच यंत्रान देवचा हा. ह्येची पूजा यवस्थित होवक व्हयी."

रघु खाटेच्या कडेला बसला. आता त्याला सगळं दिसायला लागलं. खाली तो कागद चढवत होता आणि वर जाईबाई पदर खोचून डबा पुसत होती. गिरणीत खंडेनवमीला पहिली पाळी सुटताना, साडेतीनला, साचे थांबायचे, धुऊनपुसून त्यांना हार घालायचे, खात्यातले सगळे जण मग आरती करायचे. आरती होऊन प्रसाद वाटला जाईपर्यंत साच्याला हात लावायचा नाही, त्याचा तो आरामाचा हक्क. संपाच्या वर्षी खंडेनवमीला गिरणी बंद होती. कुशाबा, धोंडू आणि खात्यातले वीस-पंचवीस जण हातात नारळ घेऊन गेटवर गेले होते, आम्हाला काम नको, आत जाऊन साच्यांना नुसतं कुंकू लावू द्या म्हणून. गेट उघडलं नाही. धोंडूने गेटच्या कुलपालाच कुंकू लावलं आणि नारळ तिथेच फोडला. ती गोष्ट रघुने लहानपणापासून शंभर वेळा ऐकली होती. त्यानंतर सदतीस वर्षांनी त्या माणसाच्या बायकोला तिन्ही पाळ्या चालणारं एक यंत्र सापडलं होतं, आणि ते थांबवायला तिला कुणी आडकाठी करणार नव्हतं.

"पण मी खालून ओरडलो तेव्हा सांगायचं ना, डबा बंद केलाय म्हणून!"

"तू लाइट ईचारलंस. लाइट होती." कुशाबा त्याच्याकडे बघत राहिला. हळूहळू म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा राग विरघळला आणि तिथे भीती आली. "कित्या? काय झाला?"

रघुची नजर पाटीवर गेली होती. पाटीवर खडूने, जॉबरच्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं: बंद ४.३५. कारण पूजा. चालू ५.०३.

पाच तीन. त्याची वजाबाकी मिनिटाला बरोबर होती. इतके दिवस ज्या वेळेसाठी तो डब्याचं पोट चिरत होता ती वेळ त्याच्या डोक्याजवळ खिळ्याला टांगलेली होती, कारणासकट. रघुला हसूही येईना आणि रडूही येईना. त्याने अंगठ्याने 'पूजा' हा शब्द पुसला. मग त्याला बापाच्या देखत ते केल्याची लाज वाटली.

"साहेबाला फक्त वेळ हवी आहे," तो म्हणाला.

"आणि कारण?"

"कारण नको."

कुशाबाने आयुष्यात पाटीवर खोटी वेळ लिहिली नव्हती, आणि कारणाची जागा कधी रिकामी सोडली नव्हती. तो चष्मा काढून उगाच पुसत बसला.

आठ दिवसांनी पुन्हा कचेरीत जायचं होतं. या आठ दिवसांत रघुला एकच काम होतं, जाईबाईला गप्प राहायला सांगणं. तीन वेळा तो तिच्या पुतण्याच्या दारापर्यंत गेला. पण साहेबापुढे पूजेचं बोलू नकोस, एवढं सांगितलं की ती 'का' म्हणून विचारणार. आणि 'का'चं उत्तर द्यायचं म्हणजे तिला सांगायचं की काकी, तुझं घर तू तुझ्याच हाताने बंद केलंस, वर कुंकू लावून. हे कोण सांगणार? रघुने सांगितलं नाही. बायका साहेबापुढे तशाही बोलत नाहीत, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

साहेबाने पाटीवरची बंदची वेळ जोडलेला वजाबाकीचा कागद दोनदा वाचला. सत्तर सालाचं कोडं त्याला लगेच समजलं आणि तो खूश झाला. "वा, हे छान शोधलंत. डब्याला स्वतःचं घड्याळ नाही, तरी वेळ काढलीत. म्हणजे चार पस्तीस ते पाच तीन बंद. पाचला बंद होतं हे सिद्ध आहे." त्याने पेन उघडलं. "आणि बंद कशामुळे पडलं?"

"नक्की सांगता येणार नाही, साहेब," रघु म्हणाला. "जुनं यंत्र आहे. कधीकधी आपोआप..."

"आपोआप बंद पडलं, असं लिहू?"

रघुने मान हलवायला सुरुवात केली होती. तेवढ्यात बाजूच्या खुर्चीवर बसलेली जाईबाई पुढे सरकली. आपल्या कामासाठी हा पोर एवढा झटतोय आणि त्याच्या यंत्राला साहेब जुनंपुराणं, आपोआप बंद पडणारं समजतोय, हे तिला सहन झालं नाही.

"नाय साहेब, यंत्र चांगलं आहे," ती म्हणाली. "आपोआप कशाला बंद पडंल? आम्ही त्याला रीतीने थांबवलं. खंडेनवमी होती ना. माझ्या मालकांच्या गिरणीत करायचे तशी पूजा केली, नारळ फोडला, आरती म्हटली, आणि मगच चालू केलं. चालत्या यंत्राला आम्ही कधी हात लावत नाही."

साहेबाचं पेन थांबलं. त्याने रघुकडे पाहिलं. रघु टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत होता.

"आजी," साहेब अगदी हळू म्हणाला, "म्हणजे तुम्हीच बंद केलं होतं?"

"मीच सांगितलं बंद करायला. भावजी विसरले होते."

साहेबाने आणखी एक संधी दिली, हे कबूल करायला हवं. तो म्हणाला, नीट आठवून बघा, आजी, घाई नाही. जाईबाईने नीट आठवून पुन्हा तेच सांगितलं, उलट कुठली आरती म्हटली तेही सांगितलं. मग त्याला लिहावंच लागलं. तो बराच वेळ लिहीत होता. रघुला उलटी अक्षरं वाचता येत होती: अर्जदाराने स्वतः यंत्र बंद केले. साहेबाने कागद मिटला, निकाल पोस्टाने येईल म्हणून सांगितलं आणि दोघांना नमस्कार केला. जाईबाईने त्याला पदरात बांधून आणलेला खडीसाखरेचा प्रसाद दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

जिन्यावर जाईबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. तिचा चेहरा उजळला होता. मधल्या मजल्यावर ती दम खायला थांबली.

"किती लिहिलं रे त्यांनी. एवढं लिहिलं म्हणजे काम झालंच म्हणायचं."

"हो, काकी."

"वेळ कुठली लिहिली?"

"बंद चार पस्तीस, चालू पाच तीन."

जाईबाईने मनाशी आठवून पाहिलं. "बरोबर लिहिली," ती म्हणाली, आणि पुढची पायरी उतरली.